पेटंट शोधण्याच्या मोफत सेवा: साकीनाक्याच्या एका गाळ्यातील अनुभव

आमचा गाळा साकीनाक्याला, खैरानी रोडवरून आत वळणाऱ्या एका गल्लीत आहे. दोन लेथ, एक मिलिंग, एक पिलर ड्रिल आणि अलीकडे हप्त्यांवर घेतलेले एक छोटे व्हीएमसी, म्हणजे संगणकाने चालणारे उभे मिलिंग यंत्र, एवढ्या यंत्रांवर आम्ही मुख्यतः पितळी बुश (यंत्रात बसवायच्या आखूड पोकळ नळ्या), कॉलर आणि व्हॉल्व्हचे भाग बनवून देतो. वडिलांनी सुरू केलेले हे काम गेली बारा वर्षे मी पाहते. आमच्यासारख्यांच्या बोलण्यात पेटंटचा विषय येतो तो बहुधा दोनच वेळा: कोणी आपल्या मालाची नक्कल केली तेव्हा, नाहीतर पेटंटचे अर्ज करून देणारा एखादा एजंट औद्योगिक इस्टेटमध्ये पत्रके वाटून जातो तेव्हा. पेटंटचे कागद हे गाळ्यात बसून वाचण्याचे आणि दुसऱ्या दिवशी लेथवर वापरून पाहण्याचे तांत्रिक साहित्य आहे, हे मला फार उशिरा आणि पदरचे पैसे गेल्यानंतर कळले. गूगल पेटंट्स, युरोपीय पेटंट कार्यालयाचे एस्पासनेट, जागतिक बौद्धिक संपदा संघटनेचे पेटंटस्कोप आणि आपल्या भारतीय पेटंट कार्यालयाची इनपास ही शोधव्यवस्था, या चारही सेवा मी गेली अडीच वर्षे नियमितपणे वापरत आहे. त्या कशा आहेत, कोणती कशासाठी उपयोगी पडते आणि त्यांच्यासोबत पैसे देऊन एजंट घ्यावा की नाही, याविषयी हे लेखन आहे.

मला शोधायचे काय होते ते आधी सांगते, कारण त्याशिवाय सेवेची पारख होणार नाही. पातळ भिंतीचा पितळी बुश लेथच्या तीन जबड्यांच्या पकडीत, म्हणजे चकमध्ये, धरला की तो तीन ठिकाणी किंचित दबतो. त्या अवस्थेत आतून बोअर केला, म्हणजे भोक कापून मापात आणले, तर चकमध्ये असेपर्यंत भोक अगदी गोल भरते, पण जबडे सैल करताच पितळ आपल्या मूळ आकाराकडे परत जाते आणि भोक तिकोनी होते. बत्तीस मिलिमीटर व्यासाच्या आणि दीड मिलिमीटर भिंतीच्या बुशवर गिऱ्हाईक मापात वीस मायक्रॉनचीच सवलत देत असेल, तर ही चूक लपत नाही. बाहेरचा व्यास टर्न करताना बुश आतून धरावा म्हणून आम्ही एक मँड्रेल, म्हणजे बुशच्या आत जाणारा दांडा, बनवला होता. त्यावर नायट्राइल रबराची जाड नळी चढवायची, शेवटी नट आवळायचा, की नळीची लांबी कमी होऊन ती फुगते आणि बुशला आतून सगळीकडे सारखी धरते. कारागिराने नट जास्त आवळला तर पातळ बुश फुगू नये म्हणून नटाखाली डिस्क स्प्रिंगचा, म्हणजे बशीच्या आकाराच्या स्प्रिंगांचा, एक संच ठेवला होता. आमच्याकडचे सर्वांत जुने फिटर, ज्यांना सारी गल्ली मामा म्हणते, त्यांनी पहिला नमुना भंगारातल्या शाफ्टवर तयार केला आणि म्हणाले, "ताई, चाळीस वर्षांत असलं कुठं पाहिलं नाही मी. याचं पेटंट घ्या तुम्ही."

मग मी एका एजंटाकडे गेले. त्यांचे नाव येथे देत नाही. शोध घ्यायला नको का, असे मी विचारले तेव्हा त्यांचे उत्तर होते की आधी तारीख पकडू, शोधाचे नंतर पाहू. तीस हजार रुपये घेऊन त्यांनी अंतरिम तपशील, म्हणजे ज्याला सगळे प्रोव्हिजनल म्हणतात तो अर्ज, दाखल केला आणि आता वस्तूवर 'पेटंट पेंडिंग' लिहायला हरकत नाही असे सांगितले. प्रोव्हिजनल दाखल केल्यापासून बारा महिन्यांच्या आत पूर्ण तपशील दाखल केला नाही तर पेटंट कायद्याच्या कलम ९ प्रमाणे तो अर्ज सोडून दिला असे समजले जाते, ही एकच गोष्ट त्यांनी मला सांगायला हवी होती, आणि तीच त्यांनी सांगितली नाही. त्यांच्याकडून स्मरणपत्र आले नाही, फोन आला नाही, आणि मी चौकशीला गेले तेव्हा तेरावा महिना सुरू होता. असा सोडलेला अर्ज प्रसिद्ध होत नाही, त्यामुळे तोच अर्ज आपल्या आड येत नाही आणि कागदावर पाहता तो पुन्हा दाखल करता येतो. परंतु मधल्या काळात आम्ही तो मँड्रेल गोरेगावच्या एका यंत्रप्रदर्शनात मांडला होता. प्रदर्शनात मांडलेल्या वस्तूला कलम ३१ खाली सवलत मिळते ती सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेल्या प्रदर्शनापुरती आणि बारा महिन्यांपुरती. आमचे प्रदर्शन तसे नव्हते. म्हणजे आमचा शोध, तो खरोखर शोध असलाच तर, आम्ही स्वतःच जाहीर करून बसलो होतो.

तो खरोखर नवा होता का, हे मला माझ्या भाचीने एका शनिवारी रात्री गाळ्याच्या पोटमाळ्यावर बसून दाखवले. ती अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला होती. आम्ही गूगल पेटंट्सपासून सुरुवात केली आणि बहुतेकांनी तिथूनच करावी, कारण त्यात शिकण्यासारखे काही नाही: शब्द लिहा, समोर कागद येतात, आकृत्या मोठ्या करून पाहता येतात आणि संपूर्ण पीडीएफ उतरवून घेता येते. २००६ साली ही सेवा सुरू झाली तेव्हा तिच्यात अमेरिकी पेटंटे होती, आता शंभराहून अधिक कार्यालयांचे कागद आहेत. मी रबर आणि मँड्रेल हे दोन शब्द टाकले. पाइप वाकवण्याचे मँड्रेल आले, टायर बनवण्याचे आले, होजपाइपचे आले, आणि आमच्यासारखे काहीच आले नाही. मला आनंद झाला. भाची म्हणाली, "मावशी, शब्द नको शोधूस, वर्ग शोध."

या सर्व सेवांच्या वापरातील मर्म तिच्या या वाक्यात आहे, म्हणून येथे थोडे थांबते. पेटंट लिहिणारा माणूस रबराला रबर म्हणत नाही. तो 'लवचीक वलयाकार घटक' म्हणतो, बुशला 'पोकळ कार्यवस्तू' म्हणतो आणि मँड्रेलला 'अंतर्गत पकड साधन' म्हणतो, कारण शब्द जितका व्यापक तितके त्याचे कुंपण मोठे. जर्मन किंवा जपानी माणसाने लिहिलेले असेल तर भाषांतरात शब्द आणखी बदलतात. पण प्रत्येक कागदावर कार्यालयाने एक वर्ग घातलेला असतो, आणि तो भाषेवर अवलंबून नसतो. १९७१ च्या स्ट्रासबर्ग कराराने ठरलेल्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात ए पासून एच पर्यंत आठ विभाग आहेत: बी मध्ये यंत्रकाम आणि वाहतूक, जी मध्ये भौतिकशास्त्र आणि संगणन, एच मध्ये वीज, असे. बी २३ बी म्हणजे टर्निंग आणि बोअरिंग, त्यातला ३१ म्हणजे चक आणि फुगणारे मँड्रेल, आणि ३१/४० हा खास फुगणाऱ्या मँड्रेलांचा खण. तो क्रमांक टाकला आणि रबराचा शब्द सोबत जोडला, तेव्हा आमचा मँड्रेल पडद्यावर आला. एकदा नव्हे, अनेकदा आला. नट, वॉशर, रबराची नळी, आवळले की फुगते, सगळे आमच्या जन्माच्या आधीचे.

त्या रात्री मी फारसे बोलले नाही. मामांना सोमवारी कसे सांगायचे हाच विचार मनात होता. परंतु एक आकृती मी पुन्हा पुन्हा मोठी करून पाहत राहिले. आमच्या मँड्रेलची एक खोड होती: दीडदोनशे बुश झाले की रबराच्या नळीची दोन्ही टोके चिरत. आवळताना रबर वॉशर आणि बुश यांच्यामधल्या बारीक फटीत शिरायचे आणि तिथे चिमटून तुटायचे. आम्ही दर आठवड्याला नागदेवी स्ट्रीटवरून नळी आणून कापत होतो आणि हा खर्च गृहीत धरला होता. त्या आकृतीत नळीच्या दोन्ही टोकांना रबरातच बसवलेली, एका बाजूने कापलेली धातूची पातळ कडी होती. नळी फुगली की कडी उघडते, फट बंद करते आणि रबराला बाहेर पडायला जागा उरत नाही. तीन ओळींत त्याचे कारणही लिहिले होते. त्या पेटंटची मुदत केव्हाच संपलेली होती. मंगळवारी मामांनी स्प्रिंग स्टीलच्या पट्टीची कडी वळवली, आणि ती नळी आठवड्याऐवजी दोन महिने टिकली.

पुढे मला समजले की माझ्या डोक्यात दोन वेगळे प्रश्न एकत्र झाले होते, आणि मी ज्यांच्याकडे पैसे दिले त्यांनी ते वेगळे करून दिले नव्हते. मला पेटंट मिळेल का, हा एक प्रश्न. त्यासाठी जगातला कुठलाही, कुठल्याही भाषेतला, जिवंत वा मुदत संपलेला कागद आडवा येतो; शंभर वर्षांपूर्वीचा अमेरिकी कागद साकीनाक्याच्या मँड्रेलची नवीनता संपवतो. ही वस्तू मला बनवता येईल का, हा दुसरा प्रश्न. त्यासाठी पाहायचे ते भारतात दिलेले आणि आज चालू असलेले पेटंट, कारण पेटंटचा हक्क देशापुरता असतो आणि आपल्याकडे तो अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षे टिकतो, तोही दरवर्षीचे नूतनीकरण शुल्क भरले तरच. पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' आणि दुसऱ्याचे 'हो, खुशाल' असे असू शकते. आमचे तसेच होते. या दोन प्रश्नांसाठी सेवाही वेगवेगळ्या लागतात.

पहिल्या प्रश्नासाठी मी आता एस्पासनेटला अधिक मानते. १९९८ पासून चालणाऱ्या या सेवेत पंधरा कोटींहून अधिक कागद आहेत, आणि तिची खरी ताकद म्हणजे वर्गीकरणाचे झाड: बी वर टिचकी मारली की २३, त्यावर मारली की बी, असे एकेक फांदी उघडत आपल्या खणापर्यंत उतरता येते, आणि प्रत्येक खणाशेजारी त्यात नेमके काय येते याचे वर्णन असते. वर्गाचे नाव ठाऊक नसलेल्या माणसाने इथूनच सुरुवात करावी. एकच शोध सात देशांत दाखल झाला असेल तर ते सातही अर्ज ही सेवा एका कुटुंबात बांधून दाखवते, त्यामुळे जर्मन कागद वाचता येत नसेल तर त्याच कुटुंबातला इंग्रजी भाऊ सापडतो. चिनी आणि जपानी कागदांचे यंत्राने केलेले भाषांतर मिळते. ते वाचायला खडबडीत असते, पण आकृतीतले आकडे आणि मजकुरातले आकडे जुळवून वाचले की काम भागते. पडदा मात्र पहिल्या दिवशी गोंधळात टाकतो, आणि मोबाइलवर हे काम करू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

गूगल पेटंट्स मागे पडत नाही ते दोन कारणांनी. एक म्हणजे त्याचा वेग. दुसरे म्हणजे प्रत्येक कागदाखाली असणाऱ्या दोन याद्या: या कागदाने आधीच्या कोणकोणत्या पेटंटांचा उल्लेख केला, आणि नंतरच्या कोणी याचा उल्लेख केला. एक जवळचा कागद हाती लागला की मागे आणि पुढे चालत जाता येते, आणि परीक्षकाने जोडलेले उल्लेख तर फुकट मिळालेल्या तज्ज्ञाच्या सल्ल्यासारखे असतात. एक सावधगिरी त्या सेवेनेच लिहून ठेवलेली आहे: पेटंट चालू आहे की संपले याविषयी तिथे दिसणारी नोंद हा अंदाज आहे, कायदेशीर निष्कर्ष नाही. ती नोंद पाहून कोणीही माल बनवायला घेऊ नये. शिवाय १९७६ पूर्वीच्या अमेरिकी पेटंटांचा मजकूर छापील पानांवरून यंत्राने वाचलेला असल्याने त्यात अक्षरांच्या चुका असतात. तिथे शब्दाने शोधणे व्यर्थ, वर्गानेच जावे.

त्या जुन्या पानांत मी कामाव्यतिरिक्तही बराच वेळ घालवते. आपण रोज हाताळतो त्या वस्तूंचे जन्मदाखले तिथे आहेत. आमच्या पेटीतला प्रत्येक ट्विस्ट ड्रिल स्टीफन मोर्सच्या १८६३ च्या पेटंटाच्या वंशातला आहे, आणि पिलर ड्रिलवरचा किल्लीने फिरवायचा चक आर्थर जेकब्जच्या १९०२ च्या पेटंटातला. मँड्रेलमधली डिस्क स्प्रिंग ज्यांच्या नावाने ओळखली जाते त्या ज्युलियन बेलव्हिल यांनी १८६७ साली पेटंट घेतले, आणि त्याच वर्षी मुंबईत शंकर आबाजी भिसे जन्मले, ज्यांनी छपाईच्या अक्षरांचे खिळे ओतण्याच्या यंत्रावर लंडन आणि अमेरिकेत आयुष्य वेचले. इथल्या माणसाने ओतकामाच्या साच्यांवर आणि तरफांवर एवढ्या बारकाईने लिहिलेले पाहिले की ऊर भरून येतो. भारतातला पहिला हक्क १८५६ च्या कायद्याखाली कोलकात्याच्या जॉर्ज अल्फ्रेड डीपेनिंग यांना पंखा ओढण्याच्या यंत्रासाठी मिळाला, हेही मला याच नादात कळले.

पेटंटस्कोपबद्दल थोडक्यात. एकाच अर्जाने अनेक देशांचे दार ठोठावण्याची सोय असलेले आंतरराष्ट्रीय अर्ज तिथे सर्वप्रथम प्रसिद्ध होतात, त्यामुळे आपल्या क्षेत्रात सध्या कोण काय करू पाहत आहे हे कळायला ते चांगले आहे. पहिल्या अर्जानंतर अठरा महिन्यांनी कागद खुले होतात, तेव्हा गेल्या दीड वर्षातले बरेचसे अर्ज कुठल्याच सेवेत दिसणार नाहीत, हे गृहीतच धरावे लागते. मी तिथे महिन्यातून एकदा जाते.

दुसऱ्या प्रश्नासाठी, म्हणजे आपल्याला वस्तू बनवता येईल का यासाठी, इनपासला पर्याय नाही. भारतीय अर्ज आणि दिलेली पेटंटे तिथे वेगवेगळी शोधता येतात. अर्जदाराच्या नावाने, वर्गाने, तपशिलातल्या शब्दाने. क्रमांक सापडला की अर्जाची सद्यःस्थिती, पेटंट नोंदवही आणि नूतनीकरणाच्या नोंदी पाहता येतात. मला सर्वांत मोलाचे वाटतात ते परीक्षणाचे कागद. कार्यालयाने काढलेले आक्षेप, त्यांना अर्जदाराच्या एजंटाने दिलेले उत्तर, सुनावणीनंतरचा आदेश, हे सगळे कोणालाही वाचता येते. मी बी २३ बी वर्गातली अशी वीसपंचवीस प्रकरणे वाचली आणि मला दोन गोष्टी कळल्या: परीक्षक जुने कागद कसे जुळवतो, आणि चांगला एजंट कोणता. नेमण्याआधी एजंटाने पूर्वी लिहिलेली उत्तरे वाचून पाहण्याची सोय दुसऱ्या कुठल्या व्यवसायात मिळते? इनपासवर ती आहे आणि ती फुकट आहे.

अशा वाचनातूनच मी दुसरे एजंट निवडले. एजंटांची नोंदवही कार्यालयाकडे असते, विज्ञान किंवा अभियांत्रिकीची पदवी आणि पात्रता परीक्षा यांशिवाय तिच्यात सहसा नाव लागत नाही, त्यामुळे नोंदणी क्रमांक विचारायला संकोचू नये. या बाईंनी आमच्याकडून आधी फक्त शोधाचे पैसे घेतले, दोन आठवड्यांनी एक तक्ता दिला आणि अर्ज करू नका असे सांगितले. तक्त्यात डावीकडे आमच्या मँड्रेलचे एकेक अंग होते आणि उजवीकडे ते अंग कुठल्या जुन्या कागदात, कुठल्या आकृतीत आहे ते होते. रबराची नळी, सापडली. शेवटचा नट, सापडला. बलाला मर्यादा घालणारी स्प्रिंग, तीही सापडली, मात्र वेगळ्या कागदात. मी म्हटले, दोन्ही एकत्र तर कोणी केले नव्हते ना. तेव्हा त्यांनी मला सर्वोच्च न्यायालयाचा १९७८ चा एक निकाल वाचायला दिला, जो प्रत्येक टर्नरने वाचावा असे मला वाटते.

ते प्रकरण बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम आणि हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज यांच्यातले. वाद होता भांड्यांचा. धातूची भांडी लेथवर धरून खरवडताना ती निसटू नयेत म्हणून दुसऱ्या बाजूने स्पिंडलने दाबून धरण्याची योजना करून त्यावर १९५१ साली पेटंट घेतलेले होते. काम सोपे झाले, सुरक्षित झाले, यात शंका नव्हती. न्यायालयाने मात्र म्हटले की जुन्याच पद्धतीत ओळखीचा घटक जोडून केलेली ही कारखान्यातली सुधारणा आहे, शोध नाही; कसबी कारागिराला सहज सुचणारी गोष्ट पेटंटास पात्र होत नाही; ज्ञात घटक एकत्र आणले तर त्यांनी एकमेकांवर परिणाम करून काही नवे किंवा अधिक चांगले घडवले पाहिजे. पेटंट रद्द झाले. आमच्या मँड्रेलमध्ये रबर रबराचे काम करत होते आणि स्प्रिंग स्प्रिंगचे. त्या बाईंच्या शोधाचे शुल्क मला जड वाटले होते, पण तो तक्ता माझ्या दृष्टीने संपूर्ण पैसे वसूल करणारा ठरला.

खर्चाबद्दल लोक फार घाबरतात, म्हणून आकडे देते. व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योग यांच्यासाठी ऑनलाइन अर्जाचे सरकारी शुल्क १,६०० रुपये आहे आणि मोठ्या कंपनीला ८,०००; लघुउद्योगाने उद्यम नोंदणी आणि नमुना २८ हा फॉर्म जोडावा लागतो. लहान अर्जदाराला तीस पानांपुढे प्रत्येक पानाला १६० आणि दहा क्लेमपुढे (क्लेम म्हणजे हक्क नेमका कशावर मागतो ते सांगणारे वाक्य) प्रत्येक क्लेमला ३२० रुपये अधिक. परीक्षणाची मागणी वेगळी करावी लागते, ती केल्याशिवाय अर्ज कोणी उघडत नाही. तिचे शुल्क लहान अर्जदाराला ४,००० रुपये, आणि १५ मार्च २०२४ पासून केलेल्या अर्जांना तिची मुदत अठ्ठेचाळीस महिन्यांवरून एकतीस महिन्यांवर आणली आहे. पेटंट मिळाल्यावर, अर्जाच्या तारखेपासून मोजलेल्या तिसऱ्या वर्षापासूनचे नूतनीकरण भरावे लागते. ८०० रुपयांपासून चढत ते शेवटच्या पाच वर्षांत वर्षाला ८,००० होते, आणि वीस वर्षे पूर्ण चालवले तर लहान अर्जदाराला एकूण ७६,८०० रुपये पडतात. एजंटांना अर्ज ऑनलाइनच करावा लागतो, त्यामुळे अँटॉप हिलच्या बौद्धिक संपदा भवनापर्यंत हेलपाटे घालावे लागतील ही भीती निराधार आहे. एजंटाच्या फीमध्ये मोठा वाटा क्लेम लिहिण्याचा असला पाहिजे. आकृत्या आणि वर्णन आपण गाळ्यात बसून तयार करू शकतो. कुंपण कुठे घालायचे हे क्लेम ठरवतात, आणि ते लिहिणे हे कसबाचे काम आहे. 'फाइलिंग'चे एकच गोळा बिल देणाऱ्याकडे मी पुन्हा जाणार नाही.

संगणक प्रणालींच्या पेटंटांसाठी या सेवा कशा चालतात हे भाचीमुळे थोडेफार पाहिले. आमच्या कामांचा क्रम लावणारी एक प्रणाली तिने लिहिली होती आणि तिचे पेटंट घ्यावे असे तिला वाटत होते. कलम ३(के) प्रमाणे गणिती पद्धत, व्यवसायपद्धत, अल्गोरिदम आणि निव्वळ संगणक प्रोग्राम यांना आपल्याकडे पेटंट नाही. २०१९ साली दिल्ली उच्च न्यायालयाने फरीद अल्लानी प्रकरणात तांत्रिक परिणाम दाखवणाऱ्या शोधांना हा अडसर नसावा असे म्हटले, पण कामाचे वेळापत्रक त्यात बसवणे कठीण. जी ०६ एफ आणि जी ०६ क्यू या संगणनाच्या वर्गांत शोधताना शब्दांची अडचण यंत्रभागांपेक्षा कितीतरी मोठी आहे, कारण आकृतीत सगळीकडे चौकोन आणि बाणच असतात. आकृती पाहून ओळखण्याची माझी सवय तिथे कामाची नाही. तिथे मागे-पुढे चालणाऱ्या उल्लेखांच्या याद्याच हात देतात.

उत्पादनाच्या बाजूचा एक दाखला मात्र आमच्याच टेबलावर आहे. चकच्या मऊ जबड्यांचे नमुने काढण्यासाठी आम्ही घेतलेला थ्रीडी प्रिंटर प्लॅस्टिकची तार वितळवून थर रचतो. ती पद्धत स्कॉट क्रम्प यांनी १९८९ साली अर्ज केलेल्या आणि १९९२ साली मिळालेल्या अमेरिकी पेटंटात आहे. २००९ साली त्याची मुदत संपली, आणि त्यानंतर हे यंत्र मोठ्या प्रयोगशाळांतून आमच्यासारख्यांच्या आवाक्यात आले. मूळ पेटंट आजही गूगल पेटंट्सवर उघडून वाचता येते, आणि प्रिंटरचा थर सुटायला लागला तेव्हा माहितीपुस्तिकेपेक्षा मला त्या कागदातले तापमानाचे विवेचन अधिक उपयोगी पडले.

कोणती सेवा घ्यावी असे कोणी विचारले तर मी चारही सांगते, पण क्रमाने: वर्ग एस्पासनेटवर ओळखावा, उल्लेखांचा माग गूगल पेटंट्सवर काढावा, भारतातली स्थिती इनपासवर तपासावी, आणि नवे काय चालले आहे ते पेटंटस्कोपवर पाहावे. पहिल्या शोधाला दोन संध्याकाळी द्याव्या लागतील. कुठल्याही प्रदर्शनात, कुठल्याही गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर वस्तूचा फोटो जाण्याआधी त्या द्याव्यात. चारही सेवा मराठीतून चालत नाहीत ही मोठी उणीव आहे. मामांसारखा माणूस, ज्याला आकृती पाहून तत्काळ सगळे कळते, तो मजकुरापाशी अडतो आणि मला प्रत्येक परिच्छेद तोंडी सांगावा लागतो. तरी ते दर शनिवारी काम संपल्यावर हात धुऊन पोटमाळ्यावर येतात. सध्या शेजारच्या प्रेसवाल्यांसाठी आम्ही बी २१ डी हा पत्र्याच्या कामाचा वर्ग वाचत आहोत. त्यांच्या डायमध्ये पत्रा कोपऱ्यावर सुरकुततो, आणि गेल्या शनिवारी मामांनी एका जपानी आकृतीवर बोट ठेवून ती छापून घ्यायला सांगितली आहे.